दुसरी संधी फक्त मुलालाच?

जून महिना आपल्या किनाऱ्यावर दोन गोष्टी एकदमच घेऊन येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि घरात येणारा पैसा आटलेला. नेमका त्याच वेळी कॉलेजच्या फीचा आणि क्लासच्या पहिल्या हप्त्याचा तगादा. नारळी-सुपारीची वाडी असलेल्यांचंही फार वेगळं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने झोपवलेल्या बागा एका पावसात उभ्या राहत नाहीत. अशा दिवसांत घरातली बाई सुक्या मासळीचे पैसे, बचतगटाचं कर्ज आणि गळ्यातला डाग यांची मोजदाद करत बसते. आणि घरात दोन मुलं सायन्सला असली, की त्या मोजदादीच्या तळाशी एक प्रश्न असतो. क्लास कुणाला लावायचा?

महिला मंडळाच्या कामाने माझं अलिबागपासून खाली मुरूड-श्रीवर्धनपर्यंत जाणं-येणं असतं. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कुणाचं नॉन-क्रिमिलेयर अडलेलं, अशी ती कामं. त्यातून घराघरांतल्या मार्कशीटा हाताखालून जातात. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुली पुष्कळ भेटतात आणि त्यांचे मार्कही चांगले असतात. तरीही दोन-तीन वर्षांनी चौकशी केली, तर त्यातल्या बऱ्याच जणी त्या वाटेवर नसतात. ‘नाही झेपलं तिला,’ असं आई सांगते. खरंच झेपलं नाही, की आपण झेपू दिलं नाही, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही.

तो करायचा तर आधी मार्कांचा हिशेब समजून घ्यायला हवा. कारण हा हिशेब आपल्या पिढीनंतर पार बदलला आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींना त्याचा पत्ताच नाही.

नव्वदच्या दशकात मेडिकल किंवा डेंटलला जायचं तर बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे गुण बघत. त्यात अन्याय नव्हता असं नाही. एका मार्काने हुकलेल्या मुली आपण पाहिल्यात. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती. गावातल्या किंवा तालुक्याच्या कॉलेजात शिकून, घरी राहून, पाठ्यपुस्तक पाठ करून मुलगी त्या शर्यतीत उतरू शकत होती. १९९९ च्या सुमारास राज्याची सीईटी आली. मग देशभरासाठी एकच परीक्षा म्हणून ‘नीट’ २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आपल्याकडे पुन्हा सीईटी आली. २०१६ मध्ये न्यायालयाने आधीचा निर्णय मागे घेतला आणि २०१७ पासून आपल्या राज्यातही मेडिकल-डेंटलचा दरवाजा म्हणजे फक्त ‘नीट’, असं पक्कं झालं.

आता बारावीच्या गुणांचं काम उरलंय ते उंबरठ्यापुरतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के हवेत. उंबरठा ओलांडला की ते गुण संपले. बारावीला ९० टक्के मिळवणारी आणि ६० टक्के मिळवणारी, दोघी ‘नीट’च्या यादीत केवळ ‘नीट’च्या गुणांनी उभ्या राहतात. आणि दहावीचे गुण? ते अकरावीच्या प्रवेशापुरते. तेही २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे ‘सरांना सांगून जागा ठेवू’ हेही आता चालत नाही.

तरीही आपल्या घरांत दहावीची मार्कशीट म्हणजे मुलीच्या बुद्धीचा शेवटचा निकाल. ९२ टक्के पडले की अख्ख्या आळीत पेढे. बोर्डाचे आकडे मात्र काय सांगतात? २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडी परीक्षेचे गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० झाला. एका वर्षात मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं तर नाही ना? मोजायची पट्टी बदलली, इतकंच. दहावीचे गुण खोटे नसतात. मुलीने अभ्यास केला, नेटाने केला, हे ते सांगतात. पण ती डॉक्टर होईल की नाही, हे त्यांच्यावरून ठरत नाही. होईल हेही नाही आणि होणार नाही हेही नाही.

‘नीट’चा पेपर वेगळ्याच जातीचा आहे. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न आणि १८० मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा, एकूण ७२०. चाळीस प्रश्न नुसते अंदाजाने सोडवले, तर चारातला एक या हिशेबाने दहा बरोबर येतील. त्यांचे ४० गुण, उरलेल्या तीस चुकांचे ३० वजा, हाती १०. बोर्डाच्या पेपरात ‘काहीतरी लिही, बाई मार्क देतील’ असं आपण शिकवलेलं असतं. इथे काहीही लिहिलं तर हातचंही जातं. शिवाय प्रश्न येतात ते एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या अंगाने. त्यातही बायोलॉजीचे ३६० गुण, म्हणजे अर्धा पेपर, त्या पुस्तकाच्या ओळीओळीवर. मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलीला अकरावीत अचानक सगळं इंग्रजीतून शिकावं लागतं. ‘नीट’चा पेपर मराठीतूनही देता येतो, पण दोन वर्षं वाचलेलं पुस्तक इंग्रजीत आणि प्रश्न मराठीत म्हटल्यावर ती सोय तिच्या फारशी कामाची नसते.

म्हणजे पहिली दोन वर्षं जातात ती नव्या भाषेशी आणि नव्या पेपराशी ओळख होण्यात. शहरातली मुलं आठवी-नववीपासून फाउंडेशन क्लासला बसवली जायची. त्याला आळा घालायला केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती किती पाळली जातात, ते शहरात नातेवाईक असलेल्यांना विचारा! आपल्या बोर्ली-रेवदंड्याच्या मुलीची सुरुवातच मुळी अकरावीत होते. मग पहिल्या खेपेला गुण कमी पडले, तर त्यात नवल काय? म्हणूनच एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं, ज्याला मुलं ‘ड्रॉप’ म्हणतात, ही या परीक्षेत लाज नाही, जवळजवळ रीतच झाली आहे.

आणि इथेच घर दोन तऱ्हांनी वागतं.

मुलाला पहिल्या वर्षी कमी पडले, तर घरात बैठक बसते. मामा येतो, काका येतो. ‘लातूरला ठेवू का? कोटा नको, फार लांब. पनवेलला मावशीकडे राहील.’ लातूर पॅटर्नची महती सगळ्यांना पाठ असते. जमिनीचा तुकडा, होडीवरचं कर्ज, आईच्या पाटल्या, काहीतरी निघतं. मुलीला कमी पडले, तर बैठक बसतच नाही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना आईच सांगते, ‘बी.एस्सी. कर आता. नाहीतर नर्सिंग बघ.’ मुलगी मान डोलावते आणि विषय संपतो. मी हे इतक्या घरांत पाहिलंय, की आता निकालानंतर मी मुलीचे गुण विचारण्याआधी तिच्या भावाचं काय झालं ते विचारते. पहिल्या खेपेला दोघांचे गुण जवळपास सारखे, तरी वर्षभराने त्याच्या हातात नवी मार्कशीट असते आणि तिच्या हातात आदल्या वर्षीचीच. मग लोक म्हणणारच, ‘पोराने जिद्दीने काढलं बघा!’ जिद्दीला एक वर्ष लागतं. ते त्याला मिळालं, तिला मिळालं नाही.

आईबापांची बाजू मला कळत नाही असं नाही. आणि नर्सिंग किंवा बी.एस्सी.ला मी कमीही लेखत नाही. तिच्या आवडीचं असेल तर उत्तमच. पण हरलेल्या परीक्षेचा दंड म्हणून ते तिच्या पदरात टाकायचं का?

पैशाचं कारण खरंच आहे. एकाच मुलाचा खर्च झेपणार असेल, तर निवड करावीच लागते. माझं म्हणणं इतकंच, की ती गुण बघून करा, पोर मुलगा की मुलगी ते बघून नको. सुरक्षिततेचं कारणही खरं आहे. मुलगा बाइकवरून रात्री नऊला घरी येतो, मुलीला शेवटच्या एसटीची काळजी. पण चार मुलींना मिळून एक खोली, एखादी ओळखीची घरमालकीण, आळीपाळीने सोबतीला राहणारी एक आई, असं करून पनवेलला राहिलेल्या मुली मी पाहिल्यात. जिथे घराला मार्ग काढायचा होता, तिथे निघाला. तिसरं कारण लग्नाचं. वय वाढतं म्हणतात. अहो, एका वर्षाने अठराची एकोणीस होते. आणि चौथं कारण २०२४ नंतर नव्याने ऐकू येतं, ‘तिथे पेपर फुटतात, कशाला पैसे घालायचे?’ त्या वर्षी पेपर फुटला हे खरं. १५६३ मुलांचे वाढीव गुण रद्द करावे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने फेरपरीक्षा मात्र नाकारली. संताप येण्यासारखंच होतं ते. पण हे कारण मी मुलाच्या बाबतीत सांगितलेलं अजून ऐकलेलं नाही.

आणखी एक हिशेब कुणीच मांडत नाही, तो वेळेचा. पहिल्या वर्षीही मुलीची दोन वर्षं तिच्या भावाच्या दोन वर्षांइतकी नसतात. पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं, पाहुण्यांचा चहा, आई बाजारात मासळी घेऊन बसली की दुपारचा स्वयंपाक, हे सगळं तिच्या अभ्यासातून वजा होतं. रोजचे दोन तास धरले, तर वर्षाचे सातशेच्या वर होतात. ते ‘नीट’च्या मार्कशीटवर कुठेच छापून येत नाहीत.

मुलींना हे जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. ‘नीट’ला बसणाऱ्यांत आणि पात्र ठरणाऱ्यांत देशभर मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. २०२४ मध्येही होत्या, २०२५ मध्येही. मात्र ‘पात्र’ या शब्दाने फसू नका. २०२५ मध्ये २२ लाखांवर मुलं बसली, १२ लाखांवर पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या एकाच्या वाट्याला एक जागा, आणि सरकारी फीची त्याहून कमी. या टोकाच्या चढाओढीत एका वर्षाचा सराव किती फरक पाडत असेल, विचार करा.

आपल्या अलिबागला या विषयाची एक जुनी आठवण आहे. कल्याणच्या गोपाळराव जोश्यांची पोस्टातली बदली अलिबागला झाली आणि आनंदीबाईंचं शिक्षण इथे सुरू राहिलं. पुढे चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं आणि डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने घेतलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेत पोचल्या, तेव्हा फिलाडेल्फियाच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी त्यांना पुऱ्या करता येत नव्हत्या. तसं त्यांनी पत्रात मोकळेपणाने लिहिलं आणि आपला निर्धारही लक्षात घ्यावा अशी विनंती केली. कॉलेजने घेतलं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, पण वाट पडली ती पडलीच. आजचं यंत्र असं पत्र वाचणार नाही, त्याला फक्त गुण कळतात. म्हणून आज ते पत्र वाचायची जबाबदारी घरावर येते. मुलीचा निर्धार कॉलेज विचारात घेणार नाही, आईबापांनी तरी घ्यावा.

आता थोडं कामाचं. घरात अकरावी-बारावीची मुलगी असेल तर हे नीट वाचा, नवऱ्यालाही वाचायला द्या.

पहिलं म्हणजे राज्याच्या कोट्यातून, म्हणजे ८५ टक्के जागांतून प्रवेश हवा असेल, तर डोमिसाइलबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. क्लाससाठी परराज्यात पाठवून तिथेच बारावीचा फॉर्म भरला, तर ही वाट बंद होते. दुसरं, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेयरचे कागद बारावीत असतानाच करायला टाका. निकालानंतर धावाधाव केली की जागा जाते. तिसरं फीचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने इतर मागास, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यात वैद्यकीयही येतं. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून हवा. अभिमत विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. ‘मुलीच्या मेडिकलला लाखो रुपये कुठून आणू?’ म्हणणाऱ्या कितीतरी आयांना हे माहीतच नसतं. आणि चौथं, सरकारी मेडिकल कॉलेज आता अलिबागलाच आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून १०० जागांचं, जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं. सिंधुदुर्गलाही तेव्हाच झालं, २०२३ मध्ये रत्नागिरीला. कोकणातल्या मुलीला आता मुंबई-पुण्याखेरीज वाट नाही असं राहिलेलं नाही.

डेंटलबद्दलही सांगायला हवं. ‘मेडिकल हुकलं म्हणून दातांचं’ असं आपण बोलतो, ते थांबवू या. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप करून ती डॉक्टरच होते. मात्र सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी मोजकीच आहेत. खासगीत जायचं तर फीबरोबर पुढे खुर्ची, मशिनरी आणि दवाखान्याचा खर्चही आजच मांडून बघा.

दुसरं वर्ष प्रत्येकीला द्याच, असं मात्र मी म्हणणार नाही. काही मुलींना डॉक्टर व्हायचंच नसतं, ते घराचं स्वप्न असतं. त्यांना मोकळं करा. पहिल्या खेपेला अभ्यासक्रम पुरा झाला होता का, वेळ लावून पेपर सोडवायचा सराव झाला होता का, हे शिक्षकांबरोबर बसून बघा. झालं नसेल, तर वर्ष थांबण्यात अर्थ आहे. सगळं नीट करूनही गुण फार लांब असतील, तर दुसरा मार्ग शोधणं शहाणपणाचं. तिसऱ्या, चौथ्या खेपेच्या मागे लागून पोरीची झोप आणि हसू घालवू नका. मुलाचंही घालवू नका, त्याच्या मानेवरचं ओझंही काही कमी नसतं. नियम एकच, जी कसोटी त्याला, तीच तिला.

आणि हे निकालाआधी ठरवा. निकालाच्या दिवशी घरात रडारड तरी असते, नाहीतर पेढे. धड विचार होत नाही. बारावीच्या दिवाळीत चौघांनी बसावं, मुलीलाही बसवावं. इतके गुण आले तर काय, इतके आले तर काय, वर्ष थांबायचं झालं तर राहायचं कुठे, पैसे कुठून, घरकामातलं तिच्या वाट्याचं कोण उचलणार, हे सगळं वहीत लिहून काढावं. भाऊ असेल तर त्याचंही त्याच वहीत, त्याच पानावर. शेजारीशेजारी लिहिलं, की फरक आपल्यालाच दिसतो.

येत्या जूनमध्ये होड्या ओढल्या जातील तेव्हा गळ्यातला डाग मोडायची वेळ आलीच, तर ती वही आधी उघडा.